चित्राखालची ओळ : एकोणिसाव्या शतकातील फॅशनचित्रे आणि मराठी लुगडे

१/
एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत स्त्रियांचे कपडे चित्रांच्या आधारे विकले जात. नियतकालिकाच्या अंकात एक रंगीत पान येई, त्यावर नव्या वेशातील एक-दोन स्त्रिया असत आणि खाली एक छोटी ओळ असे. त्याच शतकात मराठी वृत्तपत्रे निघाली, शिळाछापखाने उभे राहिले, मुंबईत कापडगिरण्यांचे भोंगे वाजू लागले. तरीही लुगडे विकण्यासाठी लुगडे नेसलेल्या स्त्रीचे चित्र छापण्याची परंपरा येथे त्या काळी उभी राहिली नाही. असे का झाले, आणि मग छापील चित्रातील स्त्री मराठी घरात कोणत्या वाटेने आली, हा या धाग्याचा विषय. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम मूळ प्रकार पाहू. पॅरिसमध्ये १७९७ पासून १८३९ पर्यंत ‘जुर्नाल दे दाम ए दे मोद’ हे नियतकालिक निघत असे. त्यातील वेशचित्रे युरोपभर पाहिली जात आणि त्यांची सर्रास नक्कलही होई. लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमानच्या ‘रिपॉझिटरी’ या मासिकाने (१८०९ ते १८२९) आणखी एक पाऊल टाकले. त्याच्या काही पानांवर कापडाचे खरे तुकडे चिकटवलेले असत. चित्र पाहावे, तुकडा बोटांनी चाचपावा आणि दुकान गाठावे, अशी ती योजना होती. मजकूर कोणता आणि जाहिरात कोणती, हे वेगळे काढणे तेथे कठीण होते.

३/
ही चित्रे तयार करण्याची पद्धतही ध्यानात घ्यावी. धातूच्या पत्र्यावर कोरून रेषा छापल्या जात आणि रंग मात्र हाताने भरला जाई. पॅरिसमधील कोलँ घराण्यातील बहिणींनी, विशेषतः एलोईज लेलुआर आणि अनाईस तुदूझ यांनी, अशी असंख्य चित्रे काढली. अमेरिकेत फिलाडेल्फियाहून १८३० पासून ‘गोडीज लेडीज बुक’ हे मासिक निघू लागले. १८६० पर्यंत त्याचा खप दीड लाख प्रतींवर गेला. त्याच्या चित्रांत रंग भरण्याच्या कामावर दीडशे स्त्रिया असल्याचे सांगितले जाई. स्त्रियांसाठी निघालेल्या या चित्रांमागे स्त्रियांची मजुरी होती.

४/
चित्रावरून प्रत्यक्ष कपड्यापर्यंत जाण्याचा मार्ग पुढे अधिक सोपा झाला. इंग्लंडमध्ये सॅम्युएल बीटनच्या ‘इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझिन’ने (१८५२) घरी शिवण्यासाठी पॅटर्न देण्यास आरंभ केला. अमेरिकेत एबेनेझर बटरिकने १८६३ मध्ये निरनिराळ्या मापांचे कागदी पॅटर्न बाजारात आणले. स्त्रियांचे कपडे त्यात काही वर्षांनी आले. चित्र, पॅटर्न, कापड आणि शिवणयंत्र अशी साखळी पूर्ण झाली. दूरच्या गावातील स्त्रीही राजधानीतील वेश अंगावर घालू शकत होती, निदान तसा प्रयत्न करू शकत होती.

५/
आता चित्राखालच्या ओळीकडे पाहू, कारण धाग्याचा खरा गाभा तोच आहे. तेथे बहुधा महिना किंवा वेळप्रसंग लिहिलेला असे : मे महिन्याचा वेश, सकाळच्या फेरफटक्याचा वेश, नृत्यसमारंभाचा वेश. कित्येकदा शिवणाऱ्या दुकानाचे नावही असे. महिना लिहिला याचा अर्थ पुढच्या महिन्यात वेश बदलणार, हे गृहीत होते. चित्रातील स्त्री कोणत्या कुळाची किंवा पंथाची, याचा उल्लेख नसे. पैसे आणि इच्छा असलेल्या कोणत्याही स्त्रीने तिच्या जागी स्वतःला कल्पावे, हीच अपेक्षा होती.

६/
मराठी मुलखात काय चालले होते? ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. १८४२ मध्ये अमेरिकन मिशनचा ‘ज्ञानोदय’ अहमदनगर येथे सुरू झाला. १८८१ मध्ये ‘केसरी’ आला. या पत्रांतील जाहिराती मुख्यतः अक्षरांच्या होत्या. खिळ्यांच्या छपाईत चित्र घालायचे तर वेगळा ठोकळा कोरून घ्यावा लागे, आणि तो खर्च होता. पण एवढेच कारण पुरेसे नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्येच मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले होते. चित्र छापण्याची विद्या येथे होती. तिचा उपयोग लुगडे विकण्यासाठी करावा, अशी गरज कोणाला वाटली नाही.

७/
याचे पहिले कारण खुद्द लुगड्यात आहे. फॅशनचित्र हे शिवलेल्या कपड्याचे अपत्य. बाही किती फुगीर, कंबर किती बारीक, घेर किती, हे चित्राविना सांगता येत नाही आणि दर हंगामाला ते बदलता येते. लुगडे कात्रीखाली जात नाही. मागावरून उतरले की ते पूर्ण झालेले असते. त्यातील नावीन्य काठात, पदरात, रंगात आणि सुताच्या पोतात असते, आणि या गोष्टी चित्रात नीट दिसत नाहीत. त्या हाताला कळतात. नऊ वारांच्या वस्त्राला कागदी पॅटर्न कशाचा देणार? चोळीसुद्धा खणाच्या रूपाने विकली जाई आणि मापाप्रमाणे घरी किंवा शिंप्याकडे बेतली जाई.

८/
म्हणून मराठी स्त्रियांना फॅशन ठाऊक नव्हती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ती कागदावर न फिरता बोलण्यातून फिरत होती. चंद्रकळा, पैठणी, इरकली, महेश्वरी ही नुसती नावे नाहीत. प्रत्येक नाव म्हणजे रंग, काठ, गाव आणि किंमत यांची आखीव ओळख होती. जात्यावरच्या ओव्यांत ही नावे येत राहिली. लग्नातला आहेर, माहेरून आलेले लुगडे, पाणवठ्यावर कोणी नवे नेसून आले तर उठणारी कुजबूज, हे सारे त्या काळातील प्रसाराचे मार्ग होते. आकरमानने मासिकात कापडाचा तुकडा चिकटवून जे साधले, ते येथे बाजारात पदर हातात घेऊन साधले जाई.

९/
अहमदनगर जिल्हा या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर शहराचा प्रमुख हातव्यवसाय लुगडी विणण्याचा होता. तांब्या-पितळेची भांडी त्याच्या जोडीला. संगमनेरलाही माग चालत. मागावरचा माल व्यापाऱ्यांच्या हातून आठवडे बाजारांत पोहोचे. नगर-संगमनेरच्या विणकराला चित्राची जाहिरात लागत नव्हती, कारण त्याचे गिऱ्हाईक माल पाहून, ताणून, उजेडात धरून घेणारे होते.

१०/
याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत राजूर आहे. डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी ओळखले जाणारे हे गाव महादेव कोळी आणि ठाकर वस्तीच्या डोंगराळ मुलखाची बाजारपेठ. पावसाळ्यात भाताच्या खाचरात उतरून आवणी करणाऱ्या स्त्रीने लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून कासोटा घट्ट मारणे, ही कामाची गरज आहे. चिखलात निऱ्या पायघोळ ठेवून चालत नाही. नऊवारीची ही नेसण श्रमातून घडली. या स्त्रीला मनात ठेवून पुढे वाचावे. धाग्याच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

११/
येथे एक विसंगती समोर येते. मराठी स्त्रियांच्या वेशाची छापील चित्रे एकोणिसाव्या शतकात पुष्कळ निघाली, मात्र ती त्या स्त्रियांसाठी नव्हती. विल्यम जॉन्सन हा मुंबईतील छायाचित्रकार. त्याच्या ‘ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ या ग्रंथाचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील कित्येक चित्रांत माणसे एका छायाचित्रातून कापून दुसऱ्याच पार्श्वभूमीवर बसवलेली आहेत. यानंतर सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले (१८६८ ते १८७५). वेश स्पष्ट, दागिने स्पष्ट, चेहरा समोर. फॅशनचित्राचीच मांडणी म्हणावी अशी.

१२/
फरक खालच्या ओळीत होता. पॅरिसच्या चित्राखाली महिना असे, मुंबईच्या चित्राखाली जात. तेथील ओळ वाचकाला सांगे की हा वेश आजचा आहे, उद्या दुसरा येईल. येथील ओळ सांगे की या जातीच्या स्त्रिया असाच वेश करतात. एका ठिकाणी कपडा काळाला बांधलेला, दुसऱ्या ठिकाणी जन्माला. पहिल्या चित्रातील स्त्री गिऱ्हाईक होती. दुसरीतील नमुना होती. चित्र पाहणारा आणि चित्रातील व्यक्ती एकच असू शकतात, ही शक्यताच दुसऱ्या प्रकारात उरली नव्हती.

१३/
शब्दांतही हाच साचा दिसतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगर जिल्ह्यावरील सतरावा खंड १८८४ मध्ये निघाला. त्यात लोकसंख्येच्या प्रकरणात एकेका जातीची नोंद आहे आणि त्या नोंदीत अन्न, घर, चालीरीती यांच्याबरोबर पोशाखही येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही माहिती मोलाची आहे, यात शंका नाही. पण वर्तमानकाळात लिहिलेली ती वाक्ये वाचताना वाटते की या वेशाला भूतकाळ नाही आणि भविष्यही नाही. पुढे मराठी चित्रकारही याच चौकटीत काम करताना दिसतात : ऑटो रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या पुस्तकासाठी म. वि. धुरंधरांनी काढलेली चित्रे प्रदेश आणि जात यांनुसारच मांडलेली आहेत. रेषेतील जिव्हाळा मात्र धुरंधरांचा स्वतःचा.

१४/
प्रत्यक्षात वेश बदलत होता. भाषेत त्याचे ठसे राहिले आहेत. पुढे गाठ मारण्याच्या चोळीशेजारी बटणांचे, लांब बाह्यांचे ‘पोलके’ आले. इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकात पोल्का नृत्याची लाट आली आणि तिच्या नावाने स्त्रियांचे जाकीटही ओळखले जाऊ लागले. आपल्या पोलक्याचे मूळ तेथे मानले जाते. नंतर ‘जंपर’चे ‘झंपर’ झाले. युरोपातील फॅशनचित्रे छावणीतील मडमांच्या हातून शिंप्यापर्यंत पोहोचत. चित्र दाखवून तसाच झगा शिवून घेण्याची रीत होती. तेथून एखादी बाही, एखादी झालर मराठी चोळीवर उतरत असे. गॅझेटियर लिहिले जात होते तेव्हाही कात्री चालूच होती.

१५/
याच काळात वेशाची एक जाहिरात खरोखर निघाली, आणि तिचा उगम मुंबईत आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेतील पहिले भारतीय. १८६४ मध्ये त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी त्यांच्याबरोबर मुंबईस आल्या आणि काही काळ माणेकजी करसेटजी यांच्या पारशी कुटुंबात राहिल्या. बंगालमध्ये तेव्हा स्त्रिया अंगाभोवती एकच वस्त्र गुंडाळत. घराबाहेर वावरण्यास ते सोयीचे नव्हते. मुंबईत त्यांनी पारशी पद्धत पाहिली, तीत फेरफार केले, पदर डाव्या खांद्यावर घेतला, आत परकर आणि जाकीट घातले. कलकत्त्यास परतल्यावर ‘बामाबोधिनी पत्रिके’त त्यांनी जाहिरात दिली : ही नेसण शिकू इच्छिणाऱ्या स्त्रियांना ती शिकवली जाईल.

१६/
या जाहिरातीचा विचार करावा. तीत विकायला काहीही नव्हते. साडी तीच होती, नेसण्याची रीत नवी होती. घराचा उंबरा ओलांडू पाहणाऱ्या स्त्रीला सभ्य आणि सोयीचा वेश हवा होता, ही त्या जाहिरातीमागची गरज. न शिवलेल्या वस्त्राच्या मुलखात फॅशन बदलते ती अशी, नेसणीतून. आणि ती शिकवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे एका स्त्रीने दुसरीला समोर उभे करून निऱ्या घालून दाखवणे.

१७/
मराठी इतिहासात या प्रश्नाची सर्वांत हृद्य बाजू आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्यात दिसते. १८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या, आणि त्यांचे महाविद्यालय होते फिलाडेल्फियात, म्हणजे ‘गोडीज लेडीज बुक’च्याच शहरात. अमेरिकी स्त्रीने काय ल्यावे हे ज्या शहराने पन्नास वर्षे ठरवले, तेथे एक अठरा वर्षांची मराठी मुलगी लुगडे नेसून वावरत होती. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत आणि तेथील थंडी सोसवत नसे. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीची, पाय झाकणारी नेसण स्वीकारली. पती गोपाळरावांशी झालेल्या पत्रव्यवहारातही वेशाचा प्रश्न येतो. झगा त्यांनी घातला नाही. साडीच वेगळ्या रीतीने नेसली.

१८/
१० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबूली, तिघी आपापल्या देशांच्या वेशात बसल्या आहेत. आज ते छायाचित्र तीन स्त्री डॉक्टरांच्या जिद्दीची साक्ष म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. त्याच वेळी हेही दिसते की त्यांच्या वेशाखाली पुन्हा देशाचे नाव आहे. आनंदीबाईंची बदललेली नेसण हा त्यांचा स्वतःचा, थंडी आणि समाज दोन्ही जोखून घेतलेला निर्णय होता. चित्राखालची ओळ त्या निर्णयाबद्दल काही सांगत नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली; २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

१९/
आता बाजाराकडे परतू. मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचा उद्योग कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये आरंभला. मँचेस्टरचे कापड तर त्याआधीपासून बंदरात उतरत होतेच. यंत्राचे ठाण एकसारखे दिसते. हाताने चाचपून अमुक गिरणीचे आहे हे अडाणीच काय, जाणत्या गिऱ्हाइकालाही सांगता येत नाही. येथे मात्र चित्र उपयोगी पडले. ठाणाच्या दर्शनी घडीवर रंगीत लेबल चिकटवले जाई : देवी, हत्ती, राजा, वीणा घेतलेली स्त्री. वाचता न येणारे गिऱ्हाईक ‘तोच छाप द्या’ म्हणून माल मागू शकत होते. छाप ही मग नाममुद्राच झाली. १८८९ च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने तर ठाणाची लांबी त्यावर वारांत छापणे बंधनकारक केले.

२०/
भारतात कापड विकणारे चित्र असे वृत्तपत्राबाहेर, थेट कापडावर जन्माला आले. त्यावरची स्त्री आतले कापड नेसून दाखवीलच असे नव्हते. आत पांढरे मांजरपाट आणि वर भरजरी देवी, असाही मामला असे. पॅरिसचे चित्र म्हणे, अशी दिसशील. मँचेस्टरचे लेबल म्हणे, हा माल विश्वासाचा आहे. घरी आल्यावर ते लेबल हलक्या हाताने सोडवून जपून ठेवण्याजोगे सुंदर असे, यातच त्या जाहिरातीचे यश होते.

२१/
दरम्यान भिंतीवर टांगायच्या चित्रांची मोठी पेठ तयार होत होती. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली. देवादिकांची आणि पेशवाईतील पुरुषांची चित्रे तेथून घरोघर गेली. त्यानंतर आले राजा रविवर्मा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी पौराणिक प्रसंगांची चौदा चित्रे काढण्याचे काम त्यांना दिले. सीता, दमयंती, शकुंतला यांना कोणते वस्त्र नेसवावे, असा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी १८८८ च्या सुमारास रविवर्मा आणि त्यांचे बंधू राजराज वर्मा यांनी देशभर प्रवास केला. नायिकांना अंगभर साडी, चोळी आणि खांद्यावरून पदर असा वेश ठरला. त्यात मराठी नेसणीची ठेवण वारंवार ओळखू येते.

२२/
१८९३ च्या शिकागो प्रदर्शनात रविवर्म्यांची दहा चित्रे गेली आणि त्यांना पारितोषिके मिळाली. पण गौरव करताना परीक्षकांनी वेश, रूढी आणि समाजजीवन यांच्या नोंदीलाही महत्त्व दिले. म्हणजे भारतातील सर्वांत मोठ्या चित्रकाराची चित्रेही पश्चिमेने पुन्हा नमुनासंग्रह म्हणूनच वाचली. पुढच्याच वर्षी, १८९४ मध्ये, रविवर्म्यांनी मुंबईत गिरगावात स्वतःचा छापखाना काढला. ‘शकुंतलाजन्म’ हे तेथील पहिले चित्र. प्लेगच्या साथीनंतर छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलला आणि पुढे जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांच्या मालकीचा झाला. १९७२ च्या आगीत तो नष्ट झाला.

२३/
या छापखान्यातून कमळावरची लक्ष्मी आणि पांढऱ्या जरीकाठी साडीतील सरस्वती लाखो घरांत पोहोचल्या. त्यांच्याखाली महिना नव्हता, जातही नव्हती. देवीचे नाव होते. साडीची ही विशिष्ट ठेवण त्यामुळे कोणत्याही एका प्रांताची न राहता पवित्र, कुलीन आणि भारतीय अशी वाटू लागली. पॅरिसच्या चित्रातील वेश महिनाभरात जुना होई. देवीचा वेश जुना होत नाही. कोणी जाहिरात म्हणून न छापलेल्या या चित्रांनी सभ्य स्त्रीने कसे दिसावे, याचा आदर्श कोणत्याही फॅशनमासिकापेक्षा अधिक खोलवर रुजवला.

२४/
आणि घरातील स्त्रियांनी या चित्रांचे काय केले? त्यांनी ती सजवली. रविवर्मा प्रेसच्या कित्येक जुन्या प्रतींवर देवीच्या साडीवर खरे रेशमी कापड, जर, टिकल्या आणि मणी लावलेले आढळतात. काठ कोणता, चोळीचा रंग कोणता, हे सजवणाऱ्या हाताने ठरवले. युरोपातील चित्र स्त्रीला नेसवत होते. येथे चित्राला नेसवले जात होते. मुद्रित चित्रात स्त्रियांना गिऱ्हाईक म्हणून जागा नव्हती, नमुना म्हणून होती. सुई-दोरा घेऊन त्यांनी स्वतःची तिसरी जागा केली. त्या कामाखाली कोणाचे नाव नसते, पण छापील चित्राला दिलेले ते मराठी घरातील उत्तर आहे.

२५/
या यशाकडे व्यापाऱ्यांचे लक्ष गेले नसते तरच नवल. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत साबण, औषधे, बालआहार यांच्या कंपन्यांनी रविवर्मा शैलीच्या स्त्रिया आणि देवी आपल्या कॅलेंडरांवर घेतल्या. व्हिनोलिया साबणाने तर रविवर्म्यांचीच चित्रे वापरली. चित्राखालच्या ओळीत आता मालाचे नाव आले. महिनाही परत आला, पण वेशाचा म्हणून नव्हे, कॅलेंडरावरच्या तारखांसाठी. वेश दाखवून वेश विकण्याऐवजी वेशाची प्रतिष्ठा दाखवून साबण विकला जाऊ लागला. आजच्या जाहिरातीतील साडी नेसलेली ‘आई’ याच कुळातील आहे.

२६/
आता राजूरच्या खाचरातील स्त्रीकडे वळू. जातीच्या चित्रसंग्रहात ती असेल तर नमुना म्हणून. गॅझेटियरात असेल तर अनेकवचनात. देवीच्या चित्रात तिची गुडघ्यापर्यंत खोचलेली नेसण नाही, कारण देवीला आवणी करावी लागत नाही. कॅलेंडरावर ती नाही, कारण साबण विकायला ती कंपनीला योग्य वाटली नाही. जो आदर्श सर्वांचा म्हणून भिंतीवर लागला, त्यात मोठ्या संख्येने राबणाऱ्या स्त्रियांचा वेश बसत नव्हता. मग तोच वेश कमी सभ्य, गावंढळ, मागासलेला ठरवणे सोपे झाले. पाचवारी गोल साडी ही सुशिक्षितपणाची खूण बनली आणि कासोटा म्हातारीचा झाला. हा निकाल कोणत्याही कायद्याने दिला नाही.

२७/
गेल्या काही वर्षांत नऊवारी पुन्हा हौसेने नेसली जाते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत, लग्नात, महाविद्यालयाच्या पारंपरिक वेश दिनी, आणि शिवलेली तयार नऊवारीही मिळते. न शिवलेल्या वस्त्राला अखेर कात्री लागली आणि तिच्याबरोबर मॉडेलचे छायाचित्र, मापांचा तक्ता, हंगामी सवलत असे फॅशनचित्राचे सारे कुटुंबही आले. त्यात वाईट काही नाही. फक्त त्या छायाचित्राखाली ‘पारंपरिक’ हा शब्द येतो, तेव्हा थोडे थांबावे. कोणाची परंपरा? दरबारातील, देव्हाऱ्यातील की भाताच्या खाचरातील?

२८/
जुने चित्र हाती आले की इतिहासाच्या वाचकाने तीन गोष्टी तपासाव्यात. चित्राखाली काय लिहिले आहे : महिना, जात, देवाचे नाव की मालाचे? ते चित्र कोणी विकत घेतले असेल? आणि चित्रातील व्यक्तीला ते कधी पाहायला मिळाले असेल का? या तीन प्रश्नांनी एका साध्या छापील कागदातून छापखाना, बाजार आणि समाज तिन्ही दिसू लागतात.

२९/
शेवटी एक विनंती. घरातील जुन्या ट्रंकेत कापडाच्या ठाणावरची लेबले, टिकल्या लावलेली तसबीर किंवा जुने कॅलेंडर असेल, तर फेकण्यापूर्वी मागून-पुढून छायाचित्र घेऊन ठेवावे. त्याहून तातडीचे काम आजी-पणजींकडे आहे. लुगड्यांची नावे, काठांची नावे, कामाच्या वेळची आणि सणाची नेसण यांतला फरक, हे सारे त्यांच्या बोलण्यात आहे आणि फारसे कोठे छापलेले नाही. विचारावे, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि त्या नोंदीखालच्या ओळीत गाव, साल आणि सांगणाऱ्या बाईचे नाव तिच्या परवानगीने जरूर लिहावे.

धागा समाप्त.